डागडुजीच्या काळातील रुग्ण

सरकारी रुग्णालयाच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली की वर्तमानपत्रांत रक्कम छापून येते आणि लोकप्रतिनिधींचे आभार मानणारे फलक लागतात. काम चालू असेपर्यंतच्या महिन्यांत रुग्णांना कोठे ठेवणार, नवजात अर्भकांना ऊब आणि उष्माघाताच्या रुग्णाला गारवा कोण देणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. अंदाजपत्रकात सिमेंट, फरशी, रंग यांचे दर असतात. या मधल्या काळाचा दर क्वचितच असतो.

पनवेल-रोहे लोहमार्गावर नागोठण्यानंतर निडी हे लहानसे स्थानक लागते. या भागातील शेतकऱ्याला किंवा धाटावच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराला सरकारी रुग्णालय म्हणजे रोहे नाही तर पेण. तेथील एखादा विभाग बंद झाला, तर पुढे अलिबाग आणि त्यापुढे मुंबई. मुंबईची वाट ज्या महामार्गाने जाते, त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू होऊन एक तप उलटले तरी पुरे झाले नव्हते. त्यामुळे 'तात्पुरती गैरसोय' या शब्दांवर येथील माणसाचा विश्वास का बसत नाही, हे सांगावयास नको.

कोकणात बांधकामाची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी उरकावी लागते. त्यातच सरकारी पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची टाकण्याची घाई असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की हातोडा नेमका एप्रिल-मे महिन्यांत पडतो. छत उघडे, पंखे उतरवलेले, वीज अर्धा दिवस बंद आणि रुग्ण पत्र्याच्या शेडमध्ये! याच जिल्ह्यात भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६ अंशांहून अधिक तापमानाची नोंद झाली होती. किनाऱ्याजवळ पारा एवढा चढत नाही हे खरे. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या शासकीय पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जणांचा बळी गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघाताच्या रुग्णाचे शरीर पहिल्या अर्ध्या तासात थंड करावे लागते. त्यासाठी मुबलक पाणी, बर्फ, वारा आणि एक गार खोली लागते. ती खोलीच दुरुस्तीत असेल तर डॉक्टर काय करणार?

उबेचा प्रश्न याहून नाजूक आहे. कमी वजनाच्या बालकाच्या अंगात उष्णता टिकत नाही, म्हणून त्याला वॉर्मरखाली ठेवतात. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे अशाच बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. तेथे दुरुस्ती चालू नव्हती. तो कायमस्वरूपी कक्ष होता. मग जेथे वीज लोंबत्या तारांवरून आणली जाते, एका जोडणीवर तीन यंत्रे चालतात आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर विटांचा ढीग असतो, तेथे काय घडू शकेल याचा विचार करावा. भंडाऱ्यानंतर कारवाई झाली, आणि तीत कंत्राटी परिचारिकाही घरी गेल्या. खालच्या पायरीवरच्या माणसाचा दोष शोधणे नोकरशाहीला नेहमीच सोपे जाते.

तात्पुरत्या व्यवस्थेवरचा खर्च हा वाया जाणारा पैसा आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. काम संपल्यावर हाती काहीच उरत नाही, मग भाड्याची यंत्रे कशाला? हा हिशेब अर्धाच आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चाची जी मांडणी केली, ती येथे सरकारलाही लागू पडते. वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या वहीत जातो. बाळंतिणीला अलिबागला नेणाऱ्या गाडीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, घरून आणलेला टेबलफॅन, सावकाराचे व्याज, या सर्व रकमा भरल्या जातातच. फक्त त्या भरणारा माणूस निडीचा असतो आणि बचतीचे श्रेय मुंबईच्या कचेरीला मिळते. भाड्याची वातानुकूलन यंत्रे आणि जनित्रे लग्नाच्या मांडवाला मिळतात, पुढाऱ्यांच्या व्यासपीठालाही मिळतात. रुग्णालयाचे नाव निघाले की तेवढी ती महाग होतात!

शिवाय सर्वच उपाय यंत्रांचे नाहीत. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली, आणि ती आज जगभर मान्य आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण देऊन घरीच बालमृत्यू कमी करून दाखवले. पण आईची ऊबही फुकट मिळत नसते. तिला टेकून बसण्यास खाट, आडोसा, गरम जेवण आणि धूळ नसलेली खोली हवी. आजारी बाळाला तर यंत्र लागतेच.

धुळीचा उल्लेख सहज केलेला नाही. जुन्या भिंती फोडताना उडणाऱ्या बुरशीचे कण अशक्त रुग्णाच्या फुप्फुसात जातात. शस्त्रक्रियागृहाची हवा गाळून, गार करून आत सोडावी लागते, ती केवळ डॉक्टरांच्या सुखासाठी नव्हे. लसी तर २ ते ८ अंशांतच टिकतात. वीज तोडणाऱ्याने शीतपेटीची आधी चौकशी केली नाही, तर खराब झालेली लस डोळ्यांना ओळखूही येत नाही.

खरी अडचण अधिकाराची आहे. इमारतीचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका विभागाकडे, विजेचे दुसऱ्याकडे, आणि रुग्णांची जबाबदारी वैद्यकीय अधीक्षकाकडे. काम थांबवण्याचा अधिकार मात्र या शेवटच्या माणसाला नाही. पर्यायी कक्ष, स्वतंत्र वीजजोडणी, जनित्र, अग्निशमनाची साधने आणि ऊब-गारव्याची सोय तयार असल्याची अधीक्षकाची लेखी सही झाल्याखेरीज कंत्राटदाराला जागेचा ताबा मिळू नये, असे कलम प्रत्येक निविदेत हवे. निविदेची कागदपत्रे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येतात आणि रुग्ण कल्याण समितीत प्रश्नही विचारता येतात. पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांनी हे काम फेब्रुवारीतच हाती घ्यावे. एप्रिलमध्ये छत उतरलेले असेल.