गाडीची चावी

यवतमाळच्या आर्णी रोडवर एकाच गाडीवर तीन पोट्टे भरधाव निघाले, की कुणीतरी म्हणतंच, ‘मोबाइल गेमनं बिघडवलं यांना.’ मला हे पटत नाही. २०२० च्या सप्टेंबरात पबजी या मोबाइल गेमवर बंदी आली, तीही पोरं बिघडतात म्हणून नव्हे, तर देशाच्या आणि माहितीच्या सुरक्षेसाठी. रात्रभर खेळून डोळे तारवटलेली लेकरं मीही पाहतो, जीव कळवळतो. पण वेगाचा दोष कायदा गेमवर टाकत नाही. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती वाचा: अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. दहावीतल्या पोराला ट्यूशनसाठी गाडी आपणच देतो, हेल्मेट खुंटीवरच राहतं. या अंकात आम्ही पालकांशी याच चावीबद्दल बोललो आहोत.