ओबडधोबड म्हणण्याआधी

१/८
‘आपली लेणी-देवळे ओबडधोबड, कोरीवकाम पाहावे तर संगमरवराचे.’ हे वाक्य आपणच आपल्या वारशाविषयी सर्रास उच्चारतो. त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे, कारण त्याच समजुतीतून आज जुने दगड घासले जात आहेत.

२/८
आधी दगड समजून घेऊ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा बेसॉल्ट घडला. तो काळा, कठीण आणि पुष्कळ ठिकाणी वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. त्याच्याकडे संगमरवराची झिलई मागणे अन्यायाचे आहे. तरीही शके ९८२ (इ. स. १०६०) मधील अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. याच दगडातील त्या भिंती मूर्तींनी गजबजलेल्या आहेत. कारागिराचा हात अडाणी नव्हता.

३/८
मग खडबडीतपणा कोठून आला? अजिंठ्यात तो हेतुपुरस्सर राखलेला आहे. गुळगुळीत कातळावर गिलावा धरत नाही, म्हणून भिंती टाकीने खरखरीत ठेवल्या. त्यावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. ज्या चित्रांपुढे जग थबकते, ती या खरखरीत भिंतींनीच शतकानुशतके धरून ठेवली.

४/८
वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूटांचे. आज तेथे उघडा काळा कातळ दिसतो. मूळ वास्तूवर मात्र गिलावा आणि रंग होता. त्याचे अवशेष अजून शिल्लक आहेत. ‘रंगमहाल’ हे जुने नाव त्याचीच साक्ष देते. ज्याला आपण शैलीचा रांगडेपणा समजतो, ती बव्हंशी काळाची झीज आहे.

५/८
अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले. पर्यटक तेथे थांबत नाहीत, अभ्यासक थांबतात. कातळ कसा पोखरत नेला, खांब कसे मोकळे केले, हे तेथेच कळते. पाथरवटाने ग्रंथ लिहून ठेवला नाही. टाकीच्या खुणा हाच त्याचा दस्तऐवज.

६/८
जीर्णोद्धाराच्या नावाखाली गावोगावी हाच दस्तऐवज नष्ट होतो. मूर्तींवर ऑइल पेंट, सांध्यांत सिमेंट, भिंतींवर घासणारी यंत्रे! चुना ओलावा बाहेर पडू देतो, सिमेंट तो कोंडून धरते. मग क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटतात. शेकडो पावसाळ्यांना जे जमले नाही, ते यंत्र आठवड्यात करते.

७/८
कोणी म्हणेल, ‘कैलासही रंगवलेलेच होते, मग आम्ही रंगवले तर काय बिघडले?’ युक्तिवाद चतुर आहे, पण फसवा. तो गिलावा दगडाशी जुळणारा होता आणि मूळ योजनेचाच भाग होता. आजचा ऑइल पेंट दगडाची छिद्रे बुजवतो आणि कोरीवकामाच्या रेषाही. देऊळ स्वच्छ हवे, यात वाद नाही. परंतु स्वच्छ करणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे.

८/८
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. मग देवपण आल्यावर तेच घाव मिटवण्याची ही घाई कशासाठी? तुमच्या गावात जीर्णोद्धाराची सभा भरेल, तेव्हा हा प्रश्न उभे राहून विचारा. यंत्र लावण्यापूर्वी विचारा.