परमुलखातले यजमानपण

परमुलखात संसार थाटलेल्या कुटुंबाकडे गावाकडून येणारा पाहुणा आनंद आणतो आणि भारही आणतो. मात्र आनंदाविषयी जितके बोलले जाते, तितके भाराविषयी बोलले जात नाही. हा भार कोणाच्या अंगावर पडतो, तो वाटून घेण्याची रीत समाजाने कधी घातली होती का आणि आज परदेशी राहणाऱ्या मराठी घरांपाशी ती उरली आहे का, हे प्रश्न हैदराबादच्या गौलीगुड्याच्या निमित्ताने तपासण्याजोगे आहेत.

गौलीगुडा मूसी नदीच्या उत्तर काठाजवळ, कोठी आणि अफजलगंज यांच्या शेजारी वसलेला आहे. तेथून सुलतान बाजार, इसामिया बाजार, बडी चावडी आणि काचीगुडा या भागांपर्यंत मराठी कुटुंबांचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा असून, १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्थाही जवळच जामबागेत आहे. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबादेच्या कारभाराखाली होते, त्यामुळे तिथल्या माणसाला राजधानी आपली आणि शहराची भाषा मात्र परकी, अशा दुहेरी स्थितीत या शहरात पाऊल ठेवावे लागे. हायकोर्टातला दावा, उस्मानिया रुग्णालयातील उपचार किंवा १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षण यांसाठी मनमाडहून येणाऱ्या रेल्वेने काचीगुड्याला, अथवा पुढील काळात मोटारीने गौलीगुड्याच्या बसस्थानकात उतरलेल्या माणसाला ओळखीच्या मराठी घराचा पत्ता हाच पहिला आधार होता. त्या बसस्थानकाचा विमानाच्या हँगरसारखा पत्र्याचा भव्य मांडव २०१८ साली कोसळला. तत्पूर्वीच, १९९४ साली, जवळच्या इमलीबनात महात्मा गांधी बसस्थानक सुरू झाले होते.

अशा पाहुण्याचा मुक्काम सणावारासाठी आलेल्या नातेवाइकासारखा ठरावीक नसे, कारण दाव्याची तारीख पुढे ढकलली जाई, रुग्णाला बरे वाटण्यास वेळ लागे आणि विद्यार्थ्याची तर वर्षे जात. एका घराच्या कमाईवर आणि एका चुलीवर हे सारे निभणे कठीण असल्यामुळे मराठी समाजात भार वाटून घेण्याच्या काही रीती रूढ झाल्या होत्या. त्यांपैकी ‘वार लावणे’ ही सर्वांत विचारपूर्वक घातलेली रीत होय: गरजू विद्यार्थ्याने आठवड्यातील प्रत्येक वारी वेगळ्या घरी जेवावे आणि त्या घराने तो वार आपला मानावा, असा हा परस्परांतील करार असे. दुसरी रीत शिध्याची, म्हणजे पाहुण्याने गावाहून ज्वारी, डाळ, तूप, काळा मसाला असे न शिजवलेले धान्य व जिन्नस सोबत आणण्याची. शिध्याला भेट समजण्याचा प्रघात असला, तरी वस्तुतः तो यजमानाच्या खर्चातला पाहुण्याचा वाटा होता, आणि तो वस्तूच्या रूपाने दिला जात असल्याने देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांचाही मान राखला जाई.

या रीतींचे गुणगान करताना त्यांची उणीव झाकून चालणार नाही. धान्याची वाटणी झाली, पण कष्टांची झाली नाही: पहाटेचे पाणी, पंगतीमागून पंगत, रुग्णाचे पथ्य आणि रात्रीची अंथरुणे ही कामे घरातील स्त्रियांनीच केली, तर आतिथ्याचे श्रेय घराण्याच्या नावावर जमा झाले. याच कारणाने जुन्या आतिथ्याचा आदर्श आज जसाच्या तसा उचलणे अन्यायाचे ठरेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि कोर्टकचेरी व शिक्षण यांसाठी हैदराबादेस येण्याचे कारण ओसरले. पुढे याच शहरातील मराठी घरांतून मुले अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथे गेली आणि जे आईवडील एके काळी यजमान होते, ते मुलांचे पाहुणे झाले. या नव्या यजमानपणात जबाबदारी कागदावर आली आहे. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’साठी, म्हणजे आईवडील व आजीआजोबा यांना एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहू देणाऱ्या परवान्यासाठी, यजमान अपत्याला किमान उत्पन्न दाखवून खर्चाची लेखी हमी द्यावी लागते आणि पाहुण्याचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा असावा लागतो. अमेरिकेत भेटीच्या व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते, परंतु तेथील वृद्धांसाठीची सरकारी आरोग्ययोजना अशा पाहुण्यांना लागू नसल्याने विमा स्वतंत्रपणे काढावा लागतो.

तथापि खरा फरक कागदांपेक्षा शेजाराचा आहे. गौलीगुड्यात उतरलेला पाहुणा चालत बाजारात जाई, देवळात बसे, दुसऱ्या मराठी घरी गप्पा मारी. उलट परदेशी उपनगरात गाडी चालवता न येणारे वडील दिवसभर घरात अडकतात, आई सुनेच्या अनोळखी स्वयंपाकघरात आपले काम शोधते आणि कचेरीहून परतलेले मूल त्यांचे एकमेव शहर होऊन बसते. दोन्ही बाजूंच्या मनात साठणाऱ्या रागाचे मूळ बहुधा प्रेमाच्या अभावात नसून या एकाकी व्यवस्थेत असते.

म्हणून परदेशस्थ कुटुंबांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी वाराची ती जुनी रीत नव्या रूपात पुन्हा चालू करावी. दहा मराठी घरांनी एकमेकांच्या आईवडिलांसाठी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्यावा, घरकामात पुरुषांनी स्त्रियांइतकाच हिस्सा उचलावा, आणि पाहुण्याने मुक्कामाची मुदत, विम्याचा खर्च व स्वतःची कामे यांविषयी निघण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. आतिथ्य हे एका घराचे व्रत मानले की घर थकते. ते समाजाने वाटून घेतले, तरच टिकते.