व्यायामाची मात्रा आणि उरणचा रस्ता

‘नियमित व्यायाम करावा’ हे वाक्य आपल्या चिकित्सापत्रावर बहुधा शेवटच्या ओळीत येते. त्यापूर्वीच्या ओळींत कल्पाचे नाव, मात्रा, सेवनकाल आणि अनुपान यांचा काटेकोर निर्देश असतो. व्यायामाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. औषध कोणत्या दुकानात मिळेल हेही रुग्णास आवर्जून सांगितले जाते. व्यायाम कोठे मिळेल, हे कोणी सांगत नाही. गावात उपलब्ध नसलेले औषध लिहून देणे ही जशी अपुरी चिकित्सा, तशीच जागा न पाहता सांगितलेला व्यायाम हीदेखील अपुरीच चिकित्सा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. उरण परिसरातील सपाट रस्त्यांवर सायकल चालविण्याच्या विषयाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

उरणचा देश आनूप. तिन्ही बाजूंनी समुद्र व खाड्या, मध्ये भातखाचरे आणि मिठागरे. द्रोणागिरीचा डोंगर सोडला तर मोरा, केगाव, नागाव, करंजा या बाजूंच्या किनारपट्टीची भूमी बहुतांशी सपाट आहे. अशा देशात कफवातज व्याधींचे बाहुल्य असते, हे सुश्रुताचार्यांनी सांगितलेच आहे. भातशेती, मीठ आणि मासेमारी या तीन व्यवसायांत पूर्वी येथील देह पुरेसा झिजत असे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले, त्याभोवती गोदामे व कार्यालये वाढली, आणि कष्टाची जागा अनेक घरांत बैठ्या अथवा पाळीच्या नोकरीने घेतली. आहार मात्र बराचसा पूर्वीचाच राहिला. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांना अग्रस्थान का दिले, हे समजण्यासाठी आता ग्रंथ उघडण्याचीही आवश्यकता उरलेली नाही.

प्रमेहचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी व्यायामाचा विचार रुग्णाची परिस्थिती पाहून केला आहे, ही बाब आम्हांस फार मोलाची वाटते. संपन्न रुग्णास त्यांनी कुस्ती, क्रीडा, हत्ती-घोडा-रथ यांवरील संचार सांगितला. निर्धनास शंभर योजने पायी चालण्यास, विहीर खणण्यास सांगितले. म्हणजे ज्याला जे साध्य, तेच त्याचे औषध. आज व्यायामशाळेचे मासिक शुल्क ज्यास परवडत नाही, अशा रुग्णाला साधी सायकल परवडू शकते, किंबहुना ती पुष्कळदा घरात पडूनच असते. शिवाय सायकलवर शरीराचा बराच भार बैठकीवर जात असल्याने स्थूल रुग्णाच्या जानुसंधीवर चालण्याच्या मानाने कमी ताण पडतो.

सपाट रस्त्याचा विशेष गुण असा की तेथे मात्रा ठरविता येते. घाटात चढण आपली मात्रा स्वतःच ठरविते. दुर्बल रुग्णास तेथे अर्धशक्तीचा नियम पाळणे कठीण जाते. सपाटीवर वेग आणि काल हे दोन्ही रुग्णाच्या हाती असतात. ललाट, नासिका, कक्षा येथे स्वेद येणे आणि मुखशोष जाणवणे ही अर्धशक्तीची लक्षणे आपणां सर्वांस परिचित आहेत. रुग्णास सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, सायकल चालविताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. आठवड्यातील पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास इतक्या सायकलीने त्याची खालची मर्यादा पूर्ण होते. आरंभ मात्र दहा मिनिटांनी करून मात्रा क्रमाक्रमाने वाढवावी.

किनाऱ्यावर चढ नसला तरी वारा असतो, आणि वारा हीच तेथली चढण होय. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने समोरून वारा आला की तोच सपाट रस्ता दुप्पट कष्टाचा होतो. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. सकाळी तो त्या मानाने मंद असतो. म्हणून प्रातःकाल श्रेयस्कर. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना तो पाठीशी राहतो. ऋतूंचा विचार केल्यास हेमंत, शिशिर आणि वसंत हे काल उत्तम. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत व्यायाम वर्ज्य वा अल्प करण्याचा शास्त्रादेश कोकणात अधिकच लागू पडतो. येथील पावसात निसरडा रस्ता हे आणखी एक कारण आहे.

अपात्रांचा विचार न करता सरसकट सायकल सांगणे हेही तितकेच दोषास्पद. वातपित्ताचा रुग्ण, अजीर्णी, बालक व वृद्ध यांच्यासाठी शास्त्राने मर्यादा घातल्या आहेत. अर्शाच्या हेतूंत चरकाचार्यांनी कठीण व विषम आसन आणि खडखडणारे यान यांची गणना केली आहे. तेव्हा अर्श व भगंदर यांच्या रुग्णास सायकल सांगण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बैठक फार खाली असेल तर गुडघा दुखू लागतो. पायटा तळाशी असताना गुडघ्यात किंचित बाक राहील इतकी ती उंच असावी. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी अन्य औषधे घेणाऱ्या प्रमेहीने खिशात साखर ठेवावी. छातीत वेदना अथवा श्वासकष्ट होणाऱ्याची हृदयतपासणी आधी करून घ्यावी.

येथवरचा विचार शास्त्राचा झाला. आता रस्त्याचा. बंदराकडे जाणाऱ्या महामार्गांवर कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची अखंड वर्दळ असते, आणि कडेची जागा, जी सायकलस्वाराची असावयास हवी, तेथे पुष्कळदा उभी वाहने असतात. पहाटे घराबाहेर पडणाऱ्या पन्नाशीच्या रुग्णास या वाहनांना वळसा घालून रस्त्याच्या मध्यावर यावे लागत असेल, तर आपण त्यास औषध दिले की संकटात लोटले, हा प्रश्न प्रत्येक वैद्याने स्वतःस विचारावा. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही खुला झाला. दळणवळणाची ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु त्या सेतूवर सायकलीस प्रवेश नाही. वेगवान वाहनांच्या सेतूवर तो नसणे समजण्यासारखे आहे. मात्र गावातील रस्त्यावरही सायकलीस जागा नसावी, हे समजण्यासारखे नाही.

सपाट भूमी आहे म्हणून लोक आपोआप सायकल चालवितात, हा समज खरा नव्हे. हॉलंडची भूमी शतकानुशतके सपाटच आहे. तरीही मोटारी वाढल्यावर तेथील सायकली मागे हटल्या, अपघातांत शेकडो मुले दगावली, आणि १९७० नंतरच्या दशकात पालकांनी व नागरिकांनी आंदोलने केली. तेव्हा कोठे स्वतंत्र सायकलमार्गांना गती आली. सपाटी निसर्ग देतो; सुरक्षितता मागून मिळवावी लागते. आपल्याकडेही २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पादचारी व सायकलस्वार यांना प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. ते तत्त्व कागदावरून रस्त्यावर यावे, यासाठी मागणी करणारे कोणीतरी हवे.

ते कोणी करावे? आमच्या मते वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनीच करावे. मेद कमी करण्याचे चूर्ण मागणारा मनुष्य प्रथम दुकानाच्या फळीशी येतो, वैद्याकडे नंतर. त्यास चूर्णाच्या पुडीबरोबर ‘सकाळी अर्धा तास सायकल, अर्धशक्तीने’ असे दोन शब्द ऐकविल्याने विक्री घटेल ही भीती अनाठायी आहे. आहारविहाराची जोड नसलेले औषध गुण देत नाही, आणि गुण न आलेला ग्राहक त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन सांगितलेच आहे. तेव्हा तेलाच्या बाटलीलाही तिचे स्थान राहीलच.

म्हणून आमची सूचना तीन गोष्टींपुरती आहे. पहिली, चिकित्सापत्रावर व्यायामाची स्वतंत्र ओळ असावी आणि तीत प्रकार, काल, मात्रा व रस्ता यांचा उल्लेख असावा. दुसरी, प्रत्येक तालुक्यातील सभासदांनी आपल्या परिसरातील सुरक्षित रस्ते प्रत्यक्ष जाऊन पाहावेत व त्यांची यादी दवाखान्यात आणि दुकानात लावावी. तिसरी, संघटनेने वैद्यकीय कारणे देऊन संबंधितांकडे लेखी मागणी करावी, की निदान पहाटे पाच ते आठ या वेळेत गावरस्त्यांच्या कडा मोकळ्या ठेवाव्यात, आणि होऊ घातलेल्या करंजा-रेवस पुलासह सर्व नव्या कामांत सायकलीसाठी वेगळी पट्टी आराखड्यातच धरावी. पूल उभा राहिल्यावर मागितलेली पट्टी कोणी देत नाही. मागणीची वेळ आताच आहे.

शुद्ध औषधासाठी आपण शासनदरबारी वारंवार निवेदने देतो. शुद्ध गुळवेलीसाठी आग्रह धरणाऱ्यांनी निर्धोक रस्त्यासाठीही तसाच आग्रह धरावा. तोही आपल्या चिकित्सापत्राचाच भाग आहे.