लग्नसराईचे फर्निचर : शोरूमला जाण्याआधी घरी काय ठरवावे?

तुळशीचे लग्न लागले की वऱ्हाडात दोन गोष्टी मागोमाग येतात. कापूस-सोयाबीन विकून हाती पैसा येतो आणि तो खर्च करायला लावणारी लग्नसराई उभी राहते. कुठे मुलीचे आंदण असते, कुठे सून येण्याआधी बैठकीत नवा सोफा हवा असतो. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीकडची कुटुंबे गाडी करून अमरावती किंवा अकोला गाठतात. गाडीत सहा-सात जण, प्रत्येकाचे मत वेगळे आणि अंधार पडायच्या आत गावी परतायचे. घराच्या वर्षभरातल्या मोठ्या खरेदीपैकी एक अशी तीन-चार तासांत उरकली जाते.

(मागणी करून घेतलेले आंदण हा हुंडाच असतो आणि १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. इथे प्रश्न आहे तो स्वतःच्या घरासाठी किंवा स्वखुशीने केलेल्या खरेदीचा.)

घरून निघताना ठरवलेली रक्कम आणि परतताना खिशात असलेले बिल यांचा मेळ का बसत नाही? दुकानदार लबाड असतो असे नेहमीच नसते. उलट मोठ्या शोरूममध्ये किमतीची चिठ्ठी असते, पक्के बिल मिळते, वॉरंटी कार्ड मिळते. अडचण अशी की ज्या गोष्टी घरी ठरायला हव्यात त्या लोक दुकानात, उभ्या-उभ्या ठरवतात.

दुकानाची मांडणी काय करते?

मोठ्या दुकानात सोफा एकटा ठेवलेला नसतो. त्याखाली गालिचा, समोर काचेचे टेबल, बाजूला दिवा, मागे पडदा. डोळ्यांना अख्खी खोली आवडते, चिठ्ठीवरची किंमत मात्र फक्त सोफ्याची असते. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या आयकिया कंपनीने ही मांडणी जगभर पोहोचवली. नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये तिचे दुकान उघडले. आत शिरलेला ग्राहक आखून दिलेल्या वाटेने जवळजवळ प्रत्येक विभागातून फिरतो. काय घ्यायला आलो होतो हे ग्राहक विसरतो, त्या अवस्थेला व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराचे नाव मिळाले. त्याने आराखडा केलेला बंदिस्त मॉल १९५६ मध्ये अमेरिकेत उघडला होता. पुढे त्याने स्वतःच अशा मॉलकडे पाठ फिरवली, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. दारातच १ लाख ८० हजारांचा सोफा दिसला की आतला ८५ हजारांचा स्वस्त वाटू लागतो. पहिला आकडा मनात रुतून बसतो आणि पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच हे दाखवून दिले होते. चिठ्ठीवर मोठी किंमत खोडून खाली छोटी लिहिण्यामागेही हेच असते.

यावर साधा उतारा म्हणजे पहिल्या फेरीला दोघांनीच जावे आणि त्या दिवशी पैसे देऊ नयेत. चिठ्ठीचा फोटो आणि मॉडेलचा क्रमांक घेऊन घरी यावे. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. रस्ता चांगला आहे म्हणून दोन्ही शहरांत डिझेल जाळत फिरण्याची गरज नाही. मॉडेल क्रमांक हाती असला की दुसऱ्या शहरातला भाव फोनवर कळतो. विचारायचा प्रश्न मात्र एकच ठेवावा : ‘माझ्या गावी, माझ्या घरात मांडून एकूण किती?’ मोफत डिलिव्हरी बहुतेकदा शहराच्या हद्दीपुरती असते. पुढे छोटा हत्ती, हमाली, जिन्याचे वेगळे पैसे आणि फिटिंग असा हिशेब वाढत जातो. चिठ्ठीवरची किंमत जीएसटी धरून आहे की सोडून, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ५० हजारांच्या वस्तूवर ९ हजारांचा फरक पडतो.

आधी टेप, मग सोफा

खोली मोजून जाणारे पुष्कळ असतात, दार मोजणारे थोडे. सोफा आत जाईल की नाही हे त्याच्या लांबीइतकेच त्याच्या उंची-खोलीवर आणि दाराच्या रुंदीवर ठरते. आतल्या खोल्यांची दारे अडीच-तीन फुटांची असतात. जुन्या वस्तीतल्या अरुंद जिन्याचे वळण किंवा फ्लॅटची लिफ्टही मोजून घ्यावी. एल आकाराचा सोफा डाव्या आणि उजव्या हाताचा वेगवेगळा येतो. दुकानात तो ज्या बाजूला छान दिसला, घरात नेमके त्याच बाजूला दार असते.

वस्तूच्या मापाने जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरून पाहावीत. कपाटाचे दार पूर्ण उघडते का, पलंगाच्या बाजूने माणूस जातो का, हे पाच मिनिटांत कळते. गाद्यांची लांबी ७२, ७५ आणि ७८ इंच अशी वेगवेगळी असते, त्यामुळे पलंगाचे आतले माप लिहून घ्यावे, बाहेरचे नव्हे. शोरूममध्ये पलंगासोबत फोमची गादी माथी मारली जाते आणि बिल तिथेच फुगते. कापसाच्या मुलखात हव्या त्या मापाची गादी भरून देणारे कारागीर अजून आहेत, हे विसरले जाते.

कूलरजवळचे कपाट

चिठ्ठीवर ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेले असले की पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : पार्टिकल बोर्ड, एमडीएफ की प्लाय? पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबून केलेली फळी. एमडीएफ लाकडाच्या तंतूंचे असते. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. वरून सनमायका लावला की तिन्ही सारखेच दिसतात, किंमत आणि आयुष्य मात्र सारखे नसते.

वऱ्हाडात हा फरक जास्त जाणवतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मार्चपासून जूनपर्यंत घराघरात पाण्याचे कूलर चालतात. कूलरची ओलसर हवा ज्या कोपऱ्यावर आदळते तिथले पार्टिकल बोर्ड फुगते. मग पावसाळ्यात भिंतीची ओल येते आणि वर्षभर फरशी पुसल्याचे पाणी खालच्या कडेला लागत असते. म्हणून कपाट घेताना समोरची चमक पाहून थांबू नये. मागे आणि खाली हात घालून सगळ्या कडा पट्टीने बंद आहेत का ते पाहावे. जमिनीला टेकलेल्या कपाटापेक्षा पायांवर उभे असलेले बरे. ‘वॉटरप्रूफ आहे’ या तोंडी शब्दाला अर्थ नाही. प्लायवर आयएसआय खूण आणि मानक क्रमांक असतो. साध्या प्लायसाठी आयएस ३०३, मरीन प्लायसाठी आयएस ७१०. तो बिलावर लिहून मागावा.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा चांगला बसतो. कपाट सोडवून पुन्हा जोडले की तो ढिला पडतो. अशा घरात लोखंडी कपाटच कामाचे. गोदरेजने ती बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली आणि आज कोणत्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला इकडे ‘गोदरेज’ म्हणतात. ते घेताना पत्र्याचा गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड.

याचा अर्थ पार्टिकल बोर्ड टाकाऊ आहे असा नाही. टीव्हीचे युनिट, मुलांचे अभ्यासाचे टेबल त्यात खुशाल घ्यावे. पैसा रोज वजन पेलणाऱ्या पलंगावर आणि कपाटावर लावावा, सेंटर टेबलवर नव्हे. सोफ्याच्या बाबतीत कापडाच्या रंगावर तासभर चर्चा होते, पण फोमची डेन्सिटी ३२ की ४० हे कुणी विचारत नाही. बैठक किती वर्षे टिकेल हे मोठ्या प्रमाणात त्या आकड्यावर ठरते.

हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

‘नो कॉस्ट ईएमआय’च्या पाटीपाशी ठरवलेले बजेट सर्वांत सहज मोडते. ६० हजारांचा सोफा महिन्याला ५ हजारांत, बारा हप्ते, व्याज शून्य. पण तोच सोफा रोखीने घेणाऱ्याला दुकानदार १० टक्के सूट देत असेल, तर त्याची खरी किंमत ५४ हजार झाली. हप्त्याने घेणारा ५४ हजारांची वस्तू घेऊन वर्षभरात ६० हजार फेडतो. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला तर हे व्याज वर्षाला जवळपास २० टक्के पडते. प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसते; ते शुल्काच्या रूपात ग्राहकाकडूनच वसूल होते. म्हणून आधी रोखीचा अखेरचा भाव विचारावा आणि हप्त्यांचा विषय नंतर काढावा. उलट क्रमाने विचारले तर सूट कधी समोर येतच नाही.

नोकरदाराला दरमहा पगार असतो, त्याला ५ हजारांचा हप्ता झेपू शकतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा कापूस-सोयाबीन विकले की येतो. जानेवारीत सुरू झालेले बारा हप्ते नेमके जून-जुलैच्या पेरणीतून, बियाणे-खताच्या खर्चातून जातात. तेव्हा हप्ता चुकला तर दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो. त्याची झळ पुढे ट्रॅक्टर किंवा घराच्या कर्जाच्या वेळी बसते. एका सोफ्यासाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. हातात असलेल्या रोखीत पलंग आणि कपाट घ्यावे, सोफा पुढच्या हंगामात. सगळा संच एकाच दिवशी घरात आला पाहिजे, असे ना पाहुणे म्हणतात ना पंचांग.

कर्ज घ्यायचेच असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना कर्जदाराला मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर त्यात एका आकड्यात असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. काउंटरवरच्या मुलाने टॅबवर बोट ठेवायला सांगितले तरी आधी ते पत्रक मागावे.

लग्नाची घाई नसेल तर चातुर्मासात खरेदी करावी. मुहूर्त नसल्याने मागणी उतरते, भाव करायला जागा मिळते आणि मांडणीतल्या वस्तूही काढायच्या असतात. दसरा-धनत्रयोदशीची सूट खरी आहे का, हे महिनाभर आधी काढलेला चिठ्ठीचा फोटो सांगतो.

परतवाडा जवळच आहे

मोठ्या दुकानाचा भाव रास्त आहे का, हे ताडायला वऱ्हाडात चांगला काटा आहे. मेळघाटच्या सागाचा वनविभागाचा आगार परतवाड्यात आहे आणि त्या आधाराने सुतारकामही वाढले. अमरावतीहून ५० किलोमीटरच्या आसपास. मिस्त्रीकडून लाकूड, मजुरी, पॉलिश आणि कुलपे-बिजागऱ्या असा वेगवेगळा अंदाज लिहून घ्यावा. लाकूड नीट वाळलेले नसेल तर आपल्याकडच्या उन्हात ते पीळ खाते, म्हणून सर्वांत स्वस्त सागाच्या मोहात पडू नये. मिस्त्रीची तारीख हमखास लांबते. लग्नासाठी हवे असेल तर दोन महिने आधी सांगावे आणि आगाऊ रक्कम कामाच्या टप्प्याने द्यावी.

मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांसोबत बांबूकाम उभे केले आहे. पूर्णपणे बांबू किंवा वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बैठकीतल्या खुर्च्यांसाठी हा पर्याय लोकांना सुचतच नाही, कारण तो कोणत्याही शोरूमच्या दारात मांडलेला नसतो.

बिल आणि तक्रार

आगाऊ रक्कम देताना पावतीवर मॉडेल क्रमांक, साहित्य, रंग, डिलिव्हरीची तारीख आणि एकूण रक्कम लिहून घ्यावी. कच्च्या चिठ्ठीवर जीएसटी ‘वाचवला’ तर पुढे वस्तू कुठून घेतली हेच सिद्ध करता येत नाही. वस्तू घरी आल्यावर खोके उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे. तडा किंवा चुकीचा रंग दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर सहीआधी तसे लिहावे. टेम्पोवाला घाई करतो, करू द्यावी.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला तरी सदोष वस्तूबाबत तो चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. घरी आणल्यावर रंग आवडला नाही, एवढ्यावर मात्र हा हक्क मिळत नाही.

पहिली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असे नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने, अकोल्यात घेतलेल्या कपाटासाठी धारणीच्या माणसाला अकोल्याला खेटे घालावे लागत नाहीत. त्याचा अर्ज अमरावतीच्या आयोगात चालतो, फक्त तो दोन वर्षांच्या आत करायला हवा.