आधी आत घ्या, मग ठरवा

"एवढ्याशा दुखण्यासाठी कॅज्युअल्टीत कशाला आलात?" रुग्णालयाच्या दारात विचारला जाणारा हा प्रश्न माणसं मारतो. हे मी रागाच्या भरात नाही, पूर्ण विचार करून लिहितोय. सिल्वासात माझं औषधाचं दुकान आहे. रात्री काउंटरवर येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. चारचौघांत एकदा पाणउतारा झाला की माणूस पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. पुढच्या वेळी छातीत कळ आली तरी तो मेडिकलवर येतो, पित्ताची गोळी मागतो आणि घरी जाऊन आडवा होतो. सगळेच सकाळी उठत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात शटर ओढायच्या वेळेला एक जण आला. मसाटच्या एका कंपनीत मशीन चालवणारा, मूळचा खानदेशातला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, उजव्या हाताने डावा दंड दाबून धरलेला.

"गॅस झालाय. ईनो द्या."

"कधीपासून?"

"दुपारपासून. शिफ्ट कशीतरी काढली."

मी म्हटलं, "दादा, ईनो राहू द्या. हे गॅसचं दिसत नाही. आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीत चला." तो जागचा हलेना. म्हणाला, "मागे बायकोला ताप होता तर रात्री घेऊन गेलतो. लई बोलले. सगळ्यांसमोर. परत नाही जायचं तिथं." शेवटी मीच त्याला स्कूटरवर बसवून नेलं. ईसीजी काढला, हार्ट अटॅक निघाला. तो वाचला. पण त्याला काय आडवं आलं होतं ते नीट बघा. रस्ता त्याला माहीत होता, खिशात पैसे होते. अपमानाची भीती तेवढी आडवी आली. बायकोच्या तापावरून कोणीतरी तोंडसुख घेतलं होतं, त्याची किंमत तो स्वतःच्या जिवाने मोजणार होता.

छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाल्याशिवाय डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. मग ते रात्री दोन वाजता चाळीतल्या खोलीत बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? आणि ओळखण्यात चूक झाली तर दोष त्याचा? ही उलटी रीत आहे. आजार किती गंभीर हे ठरवायचं काम रुग्णाचं नाही, रुग्णालयाचं आहे, आणि तेही रुग्णाला तपासल्यानंतर. त्यासाठी जगभर एक साधी पद्धत आहे, तिला ट्रायाज म्हणतात. दारातच प्रशिक्षित नर्स नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध तपासते. लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकतो. याला काही मिनिटं लागतात. हिरव्या रुग्णाला सरळ सांगा, "काका, तुम्हाला धोका नाही, पण दोन तास थांबावं लागेल." थांबायला कोणाची ना नसते. माणूस तुटतो तो हिडीसफिडीस केल्याने.

कायदाही याच बाजूने उभा आहे. अपघातातल्या जखमीला आधी वाचवा, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सांगितलं. 1992 मध्ये बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं. त्या प्रकरणात 1996 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. म्हणजे कॅज्युअल्टीचं दार उघडं ठेवणं ही मेहेरबानी नव्हे, ते कर्तव्य आहे.

"पण साध्या सर्दी-तापाची गर्दी होते, त्यात खरा रुग्ण मागे पडतो," असं डॉक्टर सांगतात. गर्दी खरी आहे. रात्रभर एकटा डॉक्टर आणि दोन नर्स किती जणांना पुरे पडतील, हेही मला कळतं. पण ही गर्दी कुठून येते ते तपासायची तयारी नको का? सरकारी ओपीडी दिवसाउजेडी चालते. पिपरिया, मसाट, राखोलीच्या कारखान्यांत बारा-बारा तासांची शिफ्ट करणारा कंत्राटी कामगार सकाळी ओपीडीच्या रांगेत उभा राहिला तर त्याचा रोज बुडतो. दुधनी किंवा कौंच्याच्या पाड्यावरची बाई गाडीची वाट पाहत निघते आणि पोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असते. त्यांच्यासाठी चोवीस तास उघडं असलेलं दार एकच. तुम्ही सगळी दारं संध्याकाळी बंद करणार आणि उघड्या दाराशी आलेल्याला जाब विचारणार, ही दांडगाई झाली.

कॅज्युअल्टीचा खरा गैरवापर करणारे वेगळेच आहेत, आणि त्यांना कोणी चकार शब्द बोलत नाही. पुढाऱ्याचा फोन लावून रांग मोडणारे. मुलाच्या खरचटल्या गुडघ्यासाठी गाडीतून उतरताच "सिनियर डॉक्टरला बोलवा" म्हणून आवाज चढवणारे. एका रुग्णामागे पंधरा जण आत घुसवून नर्सच्या अंगावर धावून जाणारे. रजेसाठी रात्री अकराला सर्टिफिकेट मागणारे. यांच्यासमोर मान खाली घालणारा कर्मचारी वारली बाईसमोर मात्र वाघ होतो. शिस्त लावायची असेल तर ती इथून लावा.

सिकलसेलच्या रुग्णांचं काय होतं ते तर मी वर्षानुवर्षं बघतोय. हा आजार दादरा-नगर हवेलीतल्या आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुटतात. या कळा एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून चौथ्यांदा आलेल्या पोराला ऐकावं लागतं, "याचं नेहमीचंच आहे, नाटक करतो." त्याच पोराला ताप असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. नेहमी येणारा रुग्ण खोटारडा नसतो. त्याचा आजार नेहमीचा असतो, एवढंच.

जीव बहुतेक वेळा उशिराने जातो. नोव्हेंबर 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. 108 वेळेवर मिळाली नाही, म्हणून घरच्यांनी खासगी गाडीने तिला कासा ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून तिला सिल्वासाला पाठवायचं ठरलं, पण सगळ्या सोयी असलेली रुग्णवाहिका मिळेना. साध्या रुग्णवाहिकेतून निघालेली ती बाई वाटेतच गेली, पोटातलं बाळही गेलं. महाराष्ट्राची सीमा ओलांडून जीव वाचवायला सिल्वासाकडे यावं लागतं, ही पालघरच्या पाड्यांची रोजची गोष्ट आहे. इकडे 7 मार्च 2025 रोजी 450 खाटांच्या नमो हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. इमारत उभी राहिली याचा मला आनंद आहे. पण खाट रुग्णालयात आणि बाई घाटात असेल तर त्या खाटेचा तिला उपयोग नाही.

सर्पदंशातही तेच. 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसं साप चावून मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रतिविष देशातच तयार होतं. पण मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही, पुसटशी खूण उरते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात झोप झाली नसेल. किंवा आधी भगताकडे जातात आणि मोलाचे तास वाया जातात. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून शेकडा चाळीसच्या घरातले मृत्यू शेकडा एकापर्यंत खाली आणले. ते औषध महागडं यंत्र मागत नाही. रुग्ण वेळेत पोचला पाहिजे आणि पोचल्यावर त्याला कोणी हाकलता कामा नये.

म्हणून लोकांनाही स्पष्ट सांगतो. पुढची लक्षणं दिसली तर शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नका, मेडिकलवर येऊ नका, सकाळची वाट पाहू नका.

छातीत दाब किंवा कळ, सोबत घाम, दम, जबड्यात किंवा हातात दुखणं. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं. लकव्याची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. श्वास घेताना धाप. शुद्ध हरपणं, झटके. न थांबणारं रक्त, रक्ताची उलटी. डोक्याला मार लागून उलट्या किंवा गुंगी. साप, विंचू, कीटकनाशक, विजेचा धक्का, मोठं भाजणं. गरोदर बाईला रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. कुठल्याही बाळाने दूध प्यायचं सोडणं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं. डेंग्यूत ताप उतरल्यावर पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त. ताप उतरला म्हणून तिथे निर्धास्त होऊ नका, धोका तेव्हाच वाढतो. मशीनमध्ये बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. यांतलं काहीही असेल तर 108 लावा, गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

आणि साधी सर्दी, जुनी गुडघेदुखी, खाज, संपलेली बीपीची गोळी, एक दिवसाचा ताप असूनही चालता-बोलता, जेवणारा-खाणारा मोठा माणूस, यांच्यासाठी सकाळची ओपीडी किंवा जवळचं आरोग्य केंद्र बरं. पण मनात शंका असेल तर जा. शंका घेऊन गेलेला माणूस फार तर चार तास गमावतो. शंका गिळून घरी बसलेला जीव गमावतो. हा हिशेब ज्याला कळत नाही त्याने कॅज्युअल्टीच्या दारात बसू नये.

मागण्या साध्या आहेत. कारखान्यांच्या पट्ट्यात रात्री दहापर्यंत ओपीडी चालवा. बरीच गर्दी तिथेच वळेल. प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारात ट्रायाजची नर्स चोवीस तास बसवा, रखवालदाराला रुग्ण निवडू देऊ नका. वारली, कोकणा, धोडिया रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस रात्रपाळीतही ठेवा. धोक्याची लक्षणं कंपनीच्या गेटवर, शाळेत, रेशन दुकानात चित्रांसकट लावा. सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णासाठी पालघर आणि सिल्वासा यांनी आपापल्या रुग्णवाहिकांची सांगड घालावी. झटका आलेल्या बाईला कुठलं राज्य कुठे संपतं याच्याशी देणंघेणं नसतं. कामगाराला दवाखान्यासाठी अर्धा दिवस पगारी सुट्टी न देणाऱ्या मालकांना सरकारने जाब विचारावा. रुग्णाला विचारतात तसाच, चारचौघांत.

हे सगळं होईपर्यंत एक गोष्ट आज रात्रीपासून करता येते, तिला ना निविदा लागते ना मंजुरी. दारात आलेल्याला "कशाला आलात" विचारू नका. "काय होतंय" एवढंच विचारा आणि त्याची नाडी बघा.