निवडून टाकलेला दाणा घरात नको



कपाशी-ज्वारीच्या आपल्या रानात भुईमूग थोडाच असतो. पण दाण्याच्या कुटाशिवाय आपली भाजी होत नाही आणि पेंडीशिवाय दुभत्या जनावराचे भागत नाही. शेंगा फोडल्या की टपोरा दाणा बाजारात जातो. चिरमुटलेला, किडका, काळा पडलेला दाणा घरात राहतो. फेकवत नाही म्हणून त्याचा कूट होतो, उरलेला गुरांपुढे जातो. ही काटकसर अंगाशी येणारी आहे.

अशा दाण्यावर हिरवट पिवळी बुरशी धरते. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० साली इंग्लंडात ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. ब प्रकारची कावीळ असलेल्याला धोका कितीतरी जास्त. भाजून, शिजवून हे विष पुरते जात नाही. जनावराने बुरशीची शेंगदाणा किंवा सरकी पेंड खाल्ली, तर ते दुधातून पोरांच्या पोटात येते.

आपल्या देशात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे हजार क्विंटलमागे एक ग्रॅम! युरोपात ती ४ आहे. तिकडे जाणारा दाणा प्रयोगशाळेत तपासून जातो. इथल्या पाकिटावर ॲलर्जी असणाऱ्यांसाठी 'शेंगदाणा आहे' एवढे छापावे लागते, ते योग्यच आहे. पण या विषाची तपासणी कधी झाली, त्यात काय निघाले, हे पाकीट सांगत नाही. सुट्या दाण्याला तर पाकीटच नाही.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शेतकऱ्याला वगळले आहे. पण भाव पाडताना त्याला कोणी वगळत नाही. अडत्या मूठभर शेंगा फोडून डोळ्यांनी प्रत ठरवतो. विष डोळ्यांना दिसत नाही. मग चार दिवस जास्त वाळवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळणार कसे?

म्हणून मागणी सरळ आहे. बाजार समितीच्या आवारात तपासणीची सोय व्हावी. स्वच्छ मालाला तसा दाखला आणि तसा भाव मिळावा. पाकिटावर तपासणीची तारीख आणि निकाल छापावा. काही जण म्हणतील, यात आपलेच पोते अडकेल. अडकेलही. पण आज ते विष आपल्याच ताटात पडते आहे, त्याचे काय?

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही आहे. काढणी वेळेवर करा. वेल उलटे ठेवून शेंगा उन्हात वाळवा. शेंग हलवली की दाणा खडखडला पाहिजे. ओलसर शेंगा पोत्यात भरू नका, थप्पी जमिनीवर लावू नका. फोडताना शेंगांवर पाणी मारू नका. आणि निवडून काढलेला खराब दाणा ना विका, ना खा, ना गुरांना घाला. तो जाळून टाका.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या बाजारात दाणा कसा पारखला जातो ते पाहून या. ठराव त्यावरच करायचा आहे.